इंजिनिअर बाबांचं आयुष्य लिहून ठेवायचं असेल तर

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या रात्री मी त्यांच्याबद्दल एक पान लिहिलं. कष्टाळू, प्रामाणिक, मितभाषी, शिस्तीचे, कुटुंबवत्सल, हाताखालच्या माणसांना सांभाळून घेणारे, असं सगळं. आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान लिहिलंयस गं, पण यात ते कुठे आहेत?" तेव्हा मला फार लागलं, पण तिचं बरोबर होतं, ते पान कुठल्याही भल्या माणसाला चाललं असतं. त्यानंतर दीडेक वर्ष जमेल तसं मी त्यांचं आयुष्य गोळा करत गेले, कागद, फोटो, आवाज, लोकांच्या तोंडच्या गोष्टी, आणि शेवटी घरातल्यांपुरतं चाळीसेक पानांचं पुस्तक झालं. त्यात काय जमलं, काय चुकलं ते इथे लिहितेय, कारण इंजिनिअर माणसाच्या आठवणी लिहिणं हे जरा वेगळं काम आहे. त्यांचं निम्मं आयुष्य आपल्याला समजत नाही म्हणून सुटतं, आणि उरलेलं निम्मं त्यांनी कधी बोलून दाखवलेलं नसतं म्हणून सुटतं.

आधी काहीही हलवू नका

पहिल्या काही दिवसांत घर आवरायची घाई होते. नातेवाईक मदत म्हणून कपाट रिकामं करतात, आणि "हे जुने कागद कशाला ठेवायचे" म्हणून नेमकं जे हवं तेच रद्दीत जातं. त्यामुळे पहिलं काम हे, की टेबल, ड्रॉवर, टूलबॉक्स, कपाटाचा आतला कप्पा, सगळं जसं आहे तसं मोबाईलवर फोटो काढून घ्या, लांबून एक आणि जवळून चार-पाच. हे लोक वस्तू ठेवतानाही विचार करून ठेवतात, कुठला पाना कशाशेजारी होता, कुठल्या डायरीत कुठला कागद खोचलेला होता, यातच बरंच काही लिहिलेलं असतं आणि एकदा हललं की ते गेलं. बाबांच्या ड्रॉवरमध्ये फ्यूज वायरच्या रिळाखाली आमच्या शाळेच्या फीच्या पावत्या होत्या, वर्षवार, कोपऱ्यात पंच करून दोऱ्याने बांधलेल्या. मी आधी त्या उचलून "घरचे कागद" अशा पिशवीत टाकल्या आणि ही माझी मोठी चूक होती, तिच्याबद्दल पुढे सांगते.

फोनचं मात्र लगेच बघावं लागतं. सिम बंद करायची घाई नको, कारण बँकेचे, मेलचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणालातरी दिला जातो. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर डिलीट होतं, त्यामुळे त्यातले व्हॉइस मेसेज आधी बाहेर काढून घ्या, एक्स्पोर्ट चॅट करून किंवा एकेक फॉरवर्ड करून. गुगलचं खातं दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर काढून टाकायची पॉलिसी आहे, म्हणजे फोटोही गेले. माणूस हयात असेल तर गुगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आणि अ‍ॅपलच्या फोनमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यानंतर खातं कोणाला उघडता यावं ते आधीच ठरवून ठेवायची सोय, दोन्ही दहा मिनिटांत सेट होतं. आमच्याकडे यातलं काही केलेलं नव्हतं. धाकटीला त्यांचा पिन माहीत होता म्हणून निभावलं, नाहीतर "पोचलीस का? पोचलीस की मिस्ड कॉल दे" एवढाच सात सेकंदांचा जो आवाज आज आमच्याकडे आहे तोही राहिला नसता.

कागद वाचायला शिका

इंजिनिअरच्या घरात कागद भरपूर असतात आणि सगळे सारखे टिकत नाहीत. सगळ्यात आधी थर्मल पेपर, म्हणजे उष्णतेने छपाई होणारा कागद, शोधा, जुने फॅक्स, यंत्राचे आकडे आपोआप कागदावर काढणाऱ्या चार्ट रेकॉर्डरचे काही रोल, बिलं. ते नुसते पडून पडून पांढरे होतात, ऊन आणि उष्णता लागली तर अजून लवकर, त्यामुळे स्कॅनिंगची सुरुवात त्यांच्यापासून. मग ड्रॉइंग्ज. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा असतील तर ती खरी ब्ल्यूप्रिंट, सायनोटाइप, ही पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. पांढऱ्यावर निळ्या किंवा जांभळट रेघा असतील तर ती अमोनिया प्रिंट, जुन्या गठ्ठ्याला अजूनही तो नाकात जाणारा वास असतो. अमोनिया प्रिंट उजेडात फिकी पडत जाते, आणि तिच्यातल्या रसायनांनी शेजारचे कागदही खराब होतात, म्हणून ती वेगळ्या फोल्डरमध्ये. फ्रेम करून भिंतीवर लावायची असेल तर स्कॅनची प्रिंट लावा, मूळ प्रत अंधारात राहू द्या. लॅमिनेशन तर करूच नका, आपल्याला वाटतं कागद सुरक्षित झाला, पण ते पुन्हा काढता येत नाही. घडी घातलेलं ड्रॉइंग घडीवरच फाटतं, त्यामुळे शक्य असेल तर सपाट, नाहीतर जाड नळीवर सैलसर गुंडाळून.

स्कॅन करताना लिहिलेले कागद ३०० डीपीआयला पुरतात, छोटे फोटो ६०० ला करा. मोठी ड्रॉइंग्ज घरच्या स्कॅनरमध्ये मावत नाहीत, ती प्लॉटर-स्कॅनर असलेल्या दुकानातून करून घ्या किंवा खिडकीजवळच्या उजेडात सपाट पसरून वरून सरळ फोटो काढा, आणि उजव्या खालच्या कोपऱ्याचा वेगळा जवळून फोटो घ्या.

तो कोपरा का, तर तिथे टायटल ब्लॉक असतो आणि तो म्हणजे माणसाचा सर्व्हिस रेकॉर्डच. त्यात ड्रॉइंग नंबर, स्केल, तारीख, आणि तीन खाने असतात, कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. बाबांची ड्रॉइंग्ज मी तारखेने लावली तेव्हा त्यांची सही पहिल्या खान्यातून दुसऱ्यात आणि मग तिसऱ्यात सरकताना दिसली, जवळजवळ एकोणीस वर्षांत. प्रमोशनच्या पत्रांनी जे सांगितलं नसतं ते तिथे कळलं. वरती रिव्हिजनचा तक्ता असतो तोही वाचा, कारण "रिव्हिजन ३, साइटच्या सूचनेप्रमाणे बदल" असं लिहिलेलं असतं तिथे एखादी गोष्ट हमखास दडलेली असते, कोणीतरी साइटवरून फोन केलेला असतो, काहीतरी बसत नसतं, आणि कोणीतरी रात्री पुन्हा ड्रॉइंग बोर्डाशी उभं राहिलेलं असतं.

एक काळजी घ्या. ड्रॉइंग घरात सापडलं म्हणून ते आपलं होत नाही, बहुतेक वेळा ते कंपनीचं किंवा खात्याचं असतं. घरच्या पुस्तकात तुकडा छापायला सहसा कोणी अडवत नाही पण विचारून घ्यावं, आणि धरण, वीज केंद्र, संरक्षण असलं काही असेल तर इंटरनेटवर मुळीच टाकू नये. पेटंट असेल तर प्रश्नच नाही, ते मुळातच जाहीर असतं, गुगल पेटंट्सवर नाव टाकून शोधा, स्पेलिंग तीन-चार प्रकारे आणि आडनाव आधी टाकूनही बघा.

तारीख नसलेल्या वस्तूंचा काळ दुसऱ्या वाटेने काढता येतो. स्लाइड रूल, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या आधीची हिशेबाची सरकती पट्टी, सापडला तर त्या माणसाचं शिक्षण किंवा सुरुवातीची नोकरी बहुधा सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीची, कारण १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांतच स्लाइड रूल ड्रॉवरमध्ये गेले. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड १९८२ चं, त्यामुळे हाताने शाईत काढलेलं ड्रॉइंग आणि प्लॉटरवरचं ड्रॉइंग यांच्या मध्ये त्या माणसाचं एक आख्खं शिकणं गेलेलं असतं. बाबा ते चाळिशीत शिकले, रात्री, आणि कमांड पाठ करायला त्यांनी धाकटीला प्रश्न विचारायला बसवलेलं होतं हे तिला अजून आठवतंय.

लोकांशी बोला, पण साहेबांशीच नको

मी आधी त्यांच्या वरिष्ठांना फोन केले आणि मला पुन्हा तेच मिळालं, "फार सिन्सिअर माणूस". मग एका निवृत्त ऑपरेटरचा नंबर मिळाला आणि खरं पुस्तक तिथून सुरू झालं. फिटर, वेल्डर, ड्राफ्ट्समन, स्टोअरकीपर, गाडी चालवणारे, ऑफिसात टायपिंग करणारे, यांना शोधा. यांनी तो माणूस रात्री तीन वाजता बघितलेला असतो.

प्रश्नही बदलावे लागतात. "ते कसे होते?" असं विचारलं की समोरचा माणूस भाषण करतो. "मशीन बंद पडलं की ते आल्या आल्या आधी काय करायचे?" असं विचारलं की तो तुम्हाला तिथे नेऊन उभं करतो. माझे उपयोगी पडलेले प्रश्न सांगते, त्यांनी तुम्हाला कधी काही शिकवलं का, कुठल्या कामात ते चुकले होते, त्यांना राग कशाचा यायचा, तुमच्या दोघांत कधी वाजलं का, घरच्यांबद्दल ते कामावर काही बोलायचे का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. आमच्यासमोर बाबा आमचं कौतुक कधीच करायचे नाहीत आणि तिकडे कंट्रोल रूममधल्या सगळ्यांना माझ्या धाकटीच्या चित्राचं बक्षीस माहीत होतं.

रेकॉर्डिंगचं तांत्रिक फार काही नाही. परवानगी घ्या, फोन समोरच्यापासून हातभर अंतरावर टेबलावर एखाद्या रुमालावर ठेवा, पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, आणि सुरुवातीला नाव, तारीख, जागा स्वतःच्या आवाजात बोला. अ‍ॅपमध्ये वेव्ह फॉरमॅटचा पर्याय असेल तर तोच घ्या, जागा जास्त खातो पण आवाज दाबला जात नाही. तासाभराच्या वर बसू नका, वय झालेल्या माणसाला थकवा येतो. आणि समोरचा थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, पाच-सात सेकंद नुसते गप्प बसा, बहुतेक चांगल्या गोष्टी त्या शांततेनंतर आल्या.

त्या ऑपरेटर काकांनी मला जे सांगितलं ते तसंच लिहिते. "साहेब आले की आधी पॅनेलकडे बघायचे नाहीत. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचे आणि मुठीला कान लावून डोळे मिटायचे. आम्ही सगळे गप्प. मग म्हणायचे, आतली रेस गेलीय, उद्यापर्यंत चालेल, परवापर्यंत नाही." बेअरिंग म्हणजे फिरता दांडा धरणारा भाग आणि रेस म्हणजे त्यातलं कडं. चांगलं बेअरिंग एकसारखं घरघरतं आणि बिघडलेलं खरखरतं किंवा ठराविक लयीत टकटक करतं, धातूच्या दांड्यातून तो आवाज थेट कानापर्यंत येतो, हे मला तेव्हा कळलं. रेकॉर्डिंग मी घरी आईला ऐकवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुला लहानपणी खोकला झाला की ते असंच करायचे. पाठीला कान लावायचे, डोळे मिटायचे, आणि मला सांगायचे, उजवीकडे जास्त वाजतंय."

दोन पिशव्या करू नका

आता ती चूक. मी सगळं सामान "कामाचं" आणि "घरचं" असं वेगळं केलं होतं, आणि लिहायलाही दोन प्रकरणं धरली होती, एक इंजिनिअर म्हणून बाबा आणि एक वडील म्हणून बाबा. ते लिहिणं पुढे सरकेना. पाठीला लावलेल्या कानाची गोष्ट ऐकली तेव्हा लक्षात आलं की दोन माणसं नव्हतीच. ज्या सवयीने ते पंप सांभाळायचे त्याच सवयीने त्यांनी आम्हाला सांभाळलं, आणि बोलून प्रेम दाखवणं जमत नव्हतं तिथे मोजून दाखवलं. मी दोन्ही पिशव्या पुन्हा जमिनीवर ओतल्या आणि सगळं तारखेने एका रांगेत लावलं.

हीच युक्ती मी प्रत्येकाला सांगते. एक मोठा कागद किंवा स्प्रेडशीट घ्या, डावीकडे वर्ष, मग एका खान्यात नोकरीतलं, शेजारच्या खान्यात घरातलं, आणि तिसऱ्या खान्यात हे कशावरून कळलं ते, म्हणजे डायरी, पत्र, की कोणाची आठवण. तिसरा खाना कंटाळवाणा वाटतो पण तोच पुढे वाचवतो, कारण दोन काका एकच गोष्ट दोन वेगळ्या वर्षांत सांगतात आणि मग तुम्हाला ठरवावं लागतं. असं लावलं की शेजारशेजारच्या खान्यांत गोष्टी आपोआप दिसायला लागतात. ज्या महिन्यात आजी आजारी होती त्याच महिन्यात त्यांनी मोठ्या साइटची बदली नाकारली होती, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, आजीलासुद्धा नाही.

धाकटीच्या जन्माच्या दिवसाची त्यांची साइट डायरी मला अशीच सापडली. सगळी नोंद एका ओळीत आहे, त्याच पेन्सिलने, त्याच अक्षरात: "पंप नं. २ ट्रायल ओके. व्हायब्रेशन २.१. मुलगी झाली, २.९ किलो. दोघी ठीक." व्हायब्रेशनचा आकडा मिलिमीटर प्रति सेकंदात असतो आणि तसल्या पंपाला तो चांगला मानतात. खाली बाकी पान कोरं आहे. रोज पानभर लिहिणाऱ्या माणसाने त्या दिवशी पुढे काहीच लिहिलेलं नाही, तिथून ते थेट निघाले होते.

दुसरा कागद ग्राफ पेपरचा आहे. मी सहा वर्षांची असताना मला तीन दिवस ताप होता. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर ताप, दर दोन तासांनी एक ठिपका, ठिपके रेघेने जोडलेले, औषध दिलं तिथे लाल पेन्सिलने छोटा त्रिकोण. पहिल्या दोन रात्री रेघ वर चढते, त्रिकोणानंतर थोडी उतरते, पुन्हा चढते. तिसऱ्या रात्री उतरते ती उतरतच जाते. शेवटच्या ठिपक्याशेजारी लिहिलंय, "५:४०. घाम आला. झोपली." मी कुटुंबवत्सल हा शब्द पुस्तकातून काढून टाकला आणि त्या जागी हा कागद छापला.

काम समजावून सांगायचं कसं

सगळे प्रोजेक्ट लिहायला जाऊ नका. यादी शेवटी एका पानावर द्या आणि एकच काम निवडून ते असं लिहा की शाळेतल्या पोरालाही कळेल. मी शाफ्ट अलाइनमेंट निवडलं, कारण बाबांचं निम्मं आयुष्य त्यात गेलं. मोटर आणि पंप यांचे शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, एका रेषेत बसवायचे असतात, चूक एका मिलिमीटरच्या पाच शतांशाच्या आत, आणि आपला केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड असतो, म्हणजे केसापेक्षाही कमी. बरं एवढीशी चूक राहिली तर काय बिघडतं, तर मोटर मिनिटाला साधारण १४८० फेऱ्या फिरते, दिवसाला २१ लाखांच्या वर, आणि तेवढ्या वेळा ती चूक बेअरिंगला आणि दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगला दणका देते. म्हणून डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप, लावायचा, शाफ्ट हाताने फिरवायचा, आकडे लिहायचे, मोटरच्या पायाखाली शिम, म्हणजे कागदासारख्या पातळ धातूच्या पट्ट्या, घालायच्या, पुन्हा फिरवायचा. बाबांचा जीव ज्यात अडकायचा ते काय होतं हे आईलाही पहिल्यांदा कळलं ते या परिच्छेदात, असं तिनेच सांगितलं. तांत्रिक भाग त्यांच्या एखाद्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या, आपल्याकडून एकक चुकतं, आणि एकक चुकलेलं त्यांना चाललं नसतं.

श्रेय देताना मोजून द्या. "हा पूल बाबांनी बांधला" असं लिहायचा मोह होतो, पण पूल एकटा माणूस बांधत नाही, आणि जे लोक सोबत होते ते वाचतील तेव्हा त्यांना ते खुपेल. ते नेमकं काय करत होते ते लिहा, पाया, डिझाइन तपासणी, काँक्रीटची चाचणी, जे असेल ते. त्यानेच मान वाढतो.

आणि घरातून कोणी भार उचलला तेही लिहा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. मूळ आराखडा जॉन रोबलिंग यांचा, ते १८६९ मध्ये पायाला झालेल्या दुखापतीतून धनुर्वात होऊन गेले, मग मुलगा वॉशिंग्टन याने काम हातात घेतलं आणि नदीच्या तळाशी पाया खणायला सोडलेल्या कॅसन नावाच्या बंद पेटीतल्या दाबाच्या हवेत काम करून तो आजारी पडला. त्यानंतर दशकभर त्याची बायको एमिली त्याच्या सूचना साइटवर नेत होती, इंजिनिअरांशी बोलत होती, त्यासाठी लागणारं तांत्रिक शिकली, आणि १८८३ मध्ये पूल उघडला. आमच्या आईने कुठल्या साइटवर सूचना नेल्या नाहीत, पण अकरा बदल्यांमध्ये अकरा घरं तिने लावली आणि रात्रीच्या फोनला "हो, उठवते" असं तीच म्हणायची. तिचं प्रकरण नसतं तर पुस्तक खोटं झालं असतं.

अडचणीच्या गोष्टींचं काय, हे लोक नेहमी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, लिहाव्यात. वार्षिक शटडाउनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायच्या, काळात बाबा तीन-तीन आठवडे घरी नसायचे, माझ्या बक्षीस समारंभाला एकदाही आले नाहीत, आणि कोणी वस्तू जागेवर ठेवली नाही की त्यांचा आवाज इतका चढायचा की आम्ही दोघी आतल्या खोलीत जायचो. मी हे सगळं लिहिलं, दोनच परिच्छेद, आणि छापण्याआधी आईला आणि धाकटीला दाखवलं. आईने एकच वाक्य घालायला सांगितलं, की शटडाउनहून आले की ते आधी आमच्या अंथरुणाशी उभे राहायचे, बूट हातात घेऊन, आवाज होऊ नये म्हणून. आम्ही झोपलेल्या असायचो त्यामुळे आम्हाला माहीत असायचं कारणच नव्हतं. कोणाची बदनामी होईल, जिवंत माणसाला त्रास होईल असं काही असेल तर मात्र ते त्या माणसाला विचारल्याशिवाय नको.

लिहायला बसाल तेव्हा

"यांचा जन्म अमुक साली झाला" अशी सुरुवात करू नका, एखाद्या प्रसंगात जाऊन उभे राहा, तारखा मागून येतात. त्यांचे शब्द जसेच्या तसे ठेवा. बाबा "बघू" म्हणायचे त्याचा अर्थ नाही असायचा आणि "बघतो" म्हणायचे त्याचा अर्थ झालंच समजा, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं पण नातवंडांना कोण सांगणार. विशेषण आलं की स्वतःला विचारा, हे मला कधी दिसलं? दिसलेलं आठवलं तर ते लिहा आणि विशेषण खोडा, नाही आठवलं तरी खोडा. शोकसभेत वाचायचं असेल तर तीनशे शब्द पुष्कळ होतात, एक कामाचा प्रसंग, एक घरचा, आणि दोन्हींत तोच माणूस दिसला की झालं. आधी मोठ्याने घरी वाचून बघा, जिथे आवाज अडतो तिथे कागदावर जास्त जागा सोडा.

जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने नावं लिहा, बॉलपेनने नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांचे ते जुने अल्बम फोटो खातात, त्यातून शक्य तेवढे बाहेर काढा, निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. फोटोतली माणसं ओळखणारी माणसं अजून आहेत तोवर हे काम करा, हे सगळ्यात घाईचं आहे.

फाइलींना नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग काय आहे ते, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. लेख पीडीएफ/ए मध्ये ठेवा, तो जतनासाठीच बनवलेला फॉरमॅट आहे. कॅडच्या फाइली, फ्लॉपी, कॅसेट, व्हिडिओ टेप असतील तर चालणारं मशीन मिळतंय तोवर उतरवून घ्या. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, हा नियम कॉम्प्युटरवाले पाळतात तोच आपण पाळायचा. आणि छापील प्रत हवीच, आम्लरहित कागदावर, कारण पासवर्ड लागत नाही.

अवजारांचं म्हणाल तर फार घासूनपुसून चकचकीत करू नका, हाताने झिजलेली मूठ परत येत नाही. गंजू नये म्हणून हलकं तेल लावा. मायक्रोमीटर, म्हणजे दोन तोंडांत पकडून जाडी मोजायचं माप, पूर्ण बंद करून ठेवू नका, दोन तोंडांत जरा फट राहू द्या, गरम-थंड झाल्यावर ती एकमेकांवर दाबली जाऊ नयेत म्हणून. सगळं काचेच्या कपाटातही ठेवू नका, ज्याला वापरायचं आहे त्याला द्या.

आणि तुमचे बाबा समोर असतील तर हे एवढं सगळं नंतरसाठी ठेवायची गरजच नाही. एखादं जुनं ड्रॉइंग त्यांच्यासमोर पसरा आणि विचारा, यात काय बसत नव्हतं? मनातलं सांगा म्हटलं तर ते चष्मा पुसत बसतील, पण काय बिघडलं होतं हे विचारलं तर दोन तास बोलतील, आणि त्या दोन तासांत तुम्ही कुठे होतात, आई कुठे होती, सगळं येईल.

बाबांचं व्हर्निअर कॅलिपर आता माझ्या भाचीकडे आहे, ती मेकॅनिकलला आहे. पेटीच्या झाकणाला आतून त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली आहे, "शून्य चूक +०.०२. वजा करणे." म्हणजे तोंड पूर्ण बंद असतानाही ते शून्याऐवजी ०.०२ दाखवतं. कॉलेजच्या लॅबमध्ये तिला नवीन डिजिटल मिळतं, पण घरी काही मोजायचं असलं की ती हेच काढते, आकडा वाचते आणि दरवेळी त्यातून ०.०२ वजा करते.